घंगाळावरचं नाव

आमच्या धरणगावात भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घेतात. लग्नातलं असेल तर देणाऱ्याचं, गंधमुक्तीचं असेल तर गेलेल्याचं, आणि शेजारणीचा भरवसा नसेल तर स्वतःचं. नाव नसलेलं भांडं कुणी दिलंच नाही असं धरतात. आमच्या भांड्यांच्या दुकानात हे नावं घालायचं काम तेहतीस वर्षं हिलालभाऊ करतात. शेठ, म्हणजे माझे मिस्टर इंदरचंदजी, गुडघ्यांमुळे वरच्या मजल्यावर माळ घेऊन बसलेले असतात. गल्ला मी बघते. सज्जनबाईला, म्हणजे मला, राग फार लवकर येतो, असं बाजारात म्हणतात. बाजाराला दुसरं काम नाही.

हिलालभाऊ दिवसातून चार वाक्यं बोलणार. त्यातली दोन चहाबद्दल. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून, मांडीवर भांडं धरून, त्या टरटरणाऱ्या मशीननं ते नावं घालतात. यंदाच्या वैशाखापर्यंत एक नाव चुकलं नाही की राहिलं नाही. या माणसाला कवितेचा नाद आहे, हे मला त्या तेहतीसातल्या तिसाव्या वर्षी कळलं.

झालं असं, की रोज सकाळी मशीनची सुई चालते का बघायला कशावर तरी रेघोट्या ओढाव्या लागतात. त्यासाठी आम्ही चेपलेला माल ठेवतो, तो नंतर स्वस्तात जातो. एक दिवस शाळेतल्या एक बाई चेपलेली गाळणी घेऊन परत आल्या. मी म्हटलं, आली तक्रार. चेपलेली आहे हे सांगूनच दिली होती, असं मी आधीच ठणकावलं. त्यांनी गाळणीची कड माझ्यापुढे धरली. बारीक अक्षरात लिहिलं होतं:

चहा पुढे गेला,
चोथा माझ्याकडे राहिला.
घरात कुणीतरी
लागतंच असं.

बाईंना अशा आणखी तीन हव्या होत्या. महिन्याभरात चेपलेला माल संपला. मग गिऱ्हाईक चांगलं भांडं हातात घेऊन विचारायला लागलं, यात चेपलेलं नाही का. मी हिलालभाऊंना बजावलं, दुकानाच्या वेळात हे धंदे नकोत. ते बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी सांडशीवर हे निघालं:

तापलेल्याला धरते,
गार झालं की सोडते.
मला कोण धरतं?
खिळा.

मी कपाळाला हात लावला. पण सांडशी गेली.

यंदा वैशाखात गावातल्याच उषाचं लग्न निघालं. तिचे मामा, रावेरचे तोताराम पाटील, केळीवाले. त्यांनी फोनवरून तांब्याचं मोठं घंगाळ सांगितलं, अंघोळीचं, दोन माणसांनी उचलायचं. नाव घालून भाचीकडे पोचतं करा म्हणाले. उषा स्वतःच दुकानात आली आणि हिलालभाऊंना म्हणाली, काका, आधी कविता घाला, मामाचं नाव मागून घाला. तिच्या सासरी वाचणारी माणसं आहेत म्हणाली. हिलालभाऊ दोन दिवस त्या घंगाळाभोवती फिरत होते. तिसऱ्या दिवशी बसले आणि एका बैठकीत घातलं:

कढत पाणी माझ्यात येतं,
गार पाणीही येतं.
कुणी कुणाला हरवत नाही.
अंघोळीपुरतं जमून येतं.

लिहून झाल्यावर त्यांनी मशीन बंद केलं, घंगाळ चिंचेनं घासलं आणि पाठवून दिलं. नाव राहिलं. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा. ते इतके खूश होते, की काही राहिलंय असं त्यांना वाटलंच नाही.

लग्नाच्या दिवशी मंडपात आंदण मांडलं. नवरदेवाकडच्या बायका एकेक भांडं फिरवून नाव वाचत होत्या. घंगाळ फिरवलं, तर नाव नाही. तोतारामभाऊ फेटा बांधून शेजारीच उभे. हळूच म्हणाले, "मनं नाव कोठे शे?" आता सख्ख्या मामाचं घंगाळ आणि नाव नाही, म्हणजे उद्या सासरचे म्हणणार, मामानं काय दिलं? माणूस घामाघूम झाला. पंगत बसेपर्यंत त्यांनी घंगाळ रिक्षात घालून दुकानात आणलं.

तेव्हा जे केलं ते मी केलं. हिलालभाऊ म्हणत होते, मागच्या बाजूला घालू. मी म्हटलं, मागे कोण बघतंय, कवितेच्या खालीच घाला, लवकर. तिथं जागा इवलीशी. 'यांचेकडून सप्रेम भेट' बसेना. मी म्हटलं, नुसतं नाव घाला.

घंगाळ मंडपात परत गेलं. नवरदेवाचे वडील धुळ्याचे रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी चष्मा लावून चार ओळी मोठ्यानं वाचल्या, खालचं नाव वाचलं आणि सगळ्यांसमोर तोतारामभाऊंना मिठी मारली. आपण लिहिता हे माहीत नव्हतं, म्हणाले. तोतारामभाऊ हो म्हणाले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत.

हेडमास्तर धुळ्याला वाचनालय चालवतात. त्यांनी आषाढात तोतारामभाऊंना कवितेला बोलावलं. मग तोतारामभाऊ खाली मान घालून दुकानात आले, केळीचा घड घेऊन. आणखी दोन असतील तर बघा, म्हणाले. मी सुनवायला तोंड उघडलं, तेवढ्यात हिलालभाऊंनी बिलाच्या पाठीवर दोन उतरवून दिल्या. झाडूवरची आणि पोळपाटावरची. तोतारामभाऊ गेल्यावर मी हिलालभाऊंना विचारलं, काही लाज? ते म्हणाले, वाचतील तरी.

मी हिलालभाऊंना घेऊन धुळ्याला गेले. का गेले, तर मला झोप येत नव्हती. ते नाव मी घालायला लावलं होतं.

वाचनालयात शे-सव्वाशे माणसं. पुढे उषा, नवी साडी, सासू-सासऱ्यांच्या मध्ये. हिलालभाऊ शेवटच्या ओळीत, दाराशी. तोतारामभाऊंनी वाचलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. झाडू-पोळपाटाला टाळ्या पडतात हे मी पहिल्यांदाच बघत होते. मग शाल आणली, नारळ आणला, आणि माझा ताबा सुटला. मी उभी राहिले आणि म्हणाले, या कविता आमच्या हिलालभाऊंच्या आहेत, ते बघा मागे बसलेत.

सव्वाशे माना मागे वळल्या. उषाचा चेहरा पांढरा पडला. सासू तिच्याकडे बघायला लागली. हिलालभाऊ हळूहळू उठले. त्यांनी आधी उषाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मन्या नही शेत त्या," ते म्हणाले. "मी फक्त अक्षरं घातली, भाभी."

आणि बसले. शाल तोतारामभाऊंच्या खांद्यावर गेली. लोक माझ्याकडे बघून हसले, आणि मी सव्वाशे माणसांत खोटी ठरले.

एसटीत मी त्यांना वाट्टेल ते बोलले. पारोळा येईपर्यंत ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, पोरीला तिथं नांदायचंय, मामा खोटा पडला तर टोमणे तिला. आणि थोड्या वेळानं, वाचताना 'हरवत नाही' नंतर थांबला तो, थांबायलाच पाहिजे तिथं. बस. एवढं बोलून खिडकीतून बघत बसले. मला इतकं वाईट वाटलं, की मी रडले. पदर लावून, कुणाला दिसू नये असं.

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातलं दुधाचं पातेलं खाली नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, घाला कविता. आणि खाली तुमचं नाव.

ते म्हणाले, "माझं नाव घातलं, तर हे भांडं मी दिलं असं होईल, भाभी."

"होऊ द्या," मी म्हटलं.

दुपारभर टरटर चालली. पातेलं हातात आलं, त्यावर होतं:

लक्ष असलं की शांत,
पाठ फिरली की उतू.
पुसून घ्या. मग बघा,
साय सगळ्यांना.

हे कुणाबद्दल आहे ते कळायला मला कॉलेजात जायला नको. पण खाली नाव दिसेना. दाराशी उजेडात नेलं, चष्मा लावला, तेव्हा सापडलं. मुंगीएवढं. लोकांची नावं बोटभर घालणाऱ्या माणसानं स्वतःचं असं घातलं होतं. मी पातेलं परत त्यांच्या मांडीवर आदळलं आणि म्हटलं, पुन्हा घाला, मोठं, रस्त्यावरून वाचता येईल असं. त्यांनी पातेलं फिरवून जागा शोधली. मग त्यांनी मशीन चालू केलं.

आता माझ्या पातेल्यावर हिलालभाऊंचं नाव दोनदा आहे.