साग किती वर्षांत होतो

नवरा गेल्यावर चार महिन्यांनी मुख्याध्यापकांनी शाळेची संचयिका माझ्याकडे दिली. संचयिका म्हणजे मुलांची बचत बँक. दर शनिवारी मुलं रुपया, दोन रुपये आणून द्यायची. मी ते त्यांच्या छोट्या पुस्तकात लिहून सही करायची आणि महिनाअखेरीस सगळी रक्कम पोस्टात भरायची. तुम्ही गणित शिकवता, म्हणून हे काम तुमचं, असं ते म्हणाले. नवरा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात होता आणि शनिवारच्या गाडीनं घरी यायचा, हे त्यांना माहीत होतं. माझ्या शनिवारी काहीतरी असावं, असंही त्यांच्या मनात असेल. मी हो म्हटलं. त्या वर्षी कुणी काहीही सांगितलं तरी मी हो म्हणत होते.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. आलापल्लीच्या बाजूला आमचं गाव. घरी मी आणि सासूबाई, दोघीच. नवरा काविळीनं पंधरा दिवसांत गेला. मूलबाळ नव्हतं. मी रडले नाही, म्हणून शेजारच्या बायका काळजीत पडल्या होत्या. मला रडू येत नव्हतं, एवढंच. एकदा मी वरणात दोनदा मीठ घातलं. सासूबाईंनी ते खाल्लं, मीही खाल्लं.

त्याच्या फंडाचा चेक आला तेव्हा चंद्रपूरचे एक निवृत्त मास्तर भेटायला आले. नवऱ्याचे ते लांबचे नातेवाईक. आधी त्यांनी सासूबाईंचं सांत्वन केलं, मग पिशवीतून रंगीत कागद काढला. एक कंपनी सागाची लागवड करत होती. आज पैसे भरा, वीस वर्षांनी तुमच्या नावाची झाडं तोडायला येतील, आणि भरल्याच्या कितीतरी पट हाती पडेल. कागदावर हिरव्यागार झाडांची सरळ रांग होती. जमीन आंध्रात कुठेतरी होती. 'तुझ्या म्हातारपणाची सोय होईल,' असं ते म्हणाले. मी सही केली. चेकची सगळी रक्कम त्यात गेली. त्यांनी मला जाड कागदाचं सर्टिफिकेट दिलं आणि मी ते कपाटात साड्यांखाली ठेवलं.

त्याच आठवड्यात नववीच्या वर्गात मी चक्रवाढ व्याज शिकवत होते. सूत्र फळ्यावर लिहिलं. मुलांनी उतरवून घेतलं, पण समजलं कुणालाच नव्हतं. म्हणून मी बकरीचं उदाहरण घेतलं. एका बकरीला दोन पिल्लं झाली, ती विकली नाहीत, तर पुढे त्या पिल्लांना पिल्लं होतील. व्याज काढून घेतलं नाही तर व्याजालाही व्याज लागतं, ते असं. हे मात्र त्यांना लगेच समजलं. पाच वर्षांत किती बकऱ्या होतील, याचा हिशेब मागच्या बाकापर्यंत सुरू झाला.

'आणि बाई, बकरी मेली तं?' एका मुलीनं विचारलं.

ही मुलगी वसतिगृहात राहायची. तिचे वडील जंगलखात्याच्या कुपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या पट्ट्यात, झाडं तोडायच्या कामावर होते. उन्हाळ्यात ती आईबरोबर तेंदूपत्ता तोडायला जायची आणि जूनमध्ये शाळा उघडली की त्या पैशातले काही संचयिकेत भरायची. एकदम पन्नास रुपये भरणारी शाळेत ती एकटीच होती.

बकरी मरू शकते, मी म्हटलं. म्हणून सगळं एकाच ठिकाणी ठेवायचं नाही. थोडं पोस्टात, थोडं बँकेत, थोडं हाताशी. मुलांनी तेही वहीत लिहिलं. मी स्वतः चार दिवसांपूर्वी काय केलं होतं, हे माहीत असूनही मला ते बोलताना काही वाटलं नाही.

पुढच्या महिन्यात ते मास्तर शाळेत आले. मुख्याध्यापकांना त्यांचं म्हणणं पटलं. संचयिकेत बरीच वर्षं साठलेली रक्कम पोस्टात नुसती पडून आहे, ती सागात घातली तर मुलांचंच भलं होईल, असं दोघांनी ठरवलं. पैसे काढायच्या कागदावर माझी सही लागणार होती. मी कागद वर्गात घेऊन गेले. सही करण्याआधी मुलांना सांगावं, इतकंच मनात होतं. पैसे त्यांचे होते. दीर्घ मुदतीची गुंतवणूक म्हणजे काय, हे मी त्यांना त्या सागावरून समजावलं. आज रोप लावलं, वीस वर्षांनी लाकूड.

त्याच मुलीनं हात वर केला. उभी राहिली.

'बाई, वीस वर्सात साग होत नाई,' ती म्हणाली.

मी कंपनीच्या रंगीत कागदावरचं वाचून दाखवलं. ती मान खाली घालून उभीच राहिली. मग म्हणाली, माझ्या बाबाले विचारून पाहा.

पुढच्या शनिवारी तिचे वडील शाळेत आले. बारीक, काळेसावळे, पायात टायरच्या चपला. मी खुर्ची दिली तरी ते बसले नाहीत. मी रंगीत कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला.

'बाई, मी लहानपणापासून साग तोडून राह्यलो,' ते म्हणाले. 'वीस वर्साचा साग माह्या मांडीएवढा. आत लाल लाकूड नाई राहत, नुसता पांढरा. त्याले घुण खाते. घराच्या दाराले लावाचा साग माह्या बापाच्या आधीचा राह्यते.'

मग त्यांनी विचारलं, 'पोरीचे पैसे तुमी यात भरले का?'

नाही भरले, मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली. माझे भरले आहेत, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते मुलीला भेटून कामावर परत गेले.

मी सही केली नाही. मुख्याध्यापक थोडे नाराज झाले. जंगलातल्या मजुराला कंपनीपेक्षा जास्त कळतं का, असं ते म्हणाले. कळतं, मी म्हटलं. विषय तिथंच संपला. मुलांचे पैसे पोस्टातच राहिले.

माझे पैसे परत मिळावेत म्हणून मी मास्तरांना दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. दोन वर्षांनी कंपनीचं नागपूरचं ऑफिस बंद झाल्याचं समजलं. रजा काढून मी गेले. दाराला कुलूप होतं आणि जिन्यावर माणसं बसली होती. बरीचशी पेन्शनवाली, काही माझ्यासारख्या बायका. एक म्हातारे गृहस्थ सगळ्यांची नावं कागदावर लिहून घेत होते. मीही माझं नाव दिलं. नंतर स्टँडसमोरच्या खानावळीत जेवले आणि गाडीत बसले. जेवण चांगलं होतं, हे आठवतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मी नफा-तोटा शिकवला.

सासूबाईंना मी सगळं सांगितलं. त्या जात्याजवळ डाळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं, त्याचे सगळेच गेले का? मी हो म्हटलं. त्या निवडत राहिल्या. थोड्या वेळानं त्यांचे हात थांबले, आणि त्या तशाच बसून राहिल्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसायला हवं होतं. मी दारातच उभी राहिले.

ती मुलगी तोवर दहावी पास झाली होती. संचयिकेतले पैसे काढायला ती वडिलांना घेऊन आली. व्याजासकट किती झाले, हे तिनं स्वतः मांडून दाखवलं, आणि ते बरोबर होतं. नर्सिंगच्या कोर्सला गडचिरोलीला जायचं आहे, असं तिनं सांगितलं. पैसे पुरणार नव्हते, पण सुरुवातीच्या फीपुरते होते. वडिलांनी नोटा मोजल्या नाहीत, मुलीकडेच दिल्या. जाताना त्यांनी मला विचारलं, 'बाई, तुमचं बरं चालून राह्यलं ना?' मी बरं आहे म्हटलं.

त्या वर्षी मी पोस्टात माझ्या नावानं आरडी उघडली. पगारातून दर महिन्याला ठरावीक रक्कम, पाच वर्षांसाठी. मुलांना हे फॉर्म मी कितीतरी वेळा भरायला शिकवले होते. वारसाच्या रकान्यापाशी मात्र मी अडले. पोस्टमास्तरांनी थोडी वाट पाहिली. मग मी तिथं सासूबाईंचं नाव घातलं. वयाच्या जागी अडुसष्ट लिहिलं. पोस्टमास्तरांनी ते वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि शिक्का मारला.