वैशालीची पहिली उडी

अकरा वर्षं हे मी कुणालाही सांगितलं नाही—आईला नाही, बायकोला नाही. आताही जीभ अडखळतेय.

बुऱ्हाणपुरात आम्ही काही मित्र मिळून एक सिनेमा काढत होतो. हसाल तुम्ही—परग्रहावरचा यंत्रमानव तापीचं पाणी शोषून घेतो, आणि गावातले दोघं त्याच्याशी लढतात! यंत्रमानव म्हणजे जुन्या कूलरचे पत्रे अंगाला बांधलेला एक मित्र. शरद दिग्दर्शक, मी हीरो. हिरोइन वैशाली—राजपुऱ्यातली माझी शेजारीण, कॉलेजात खो-खो गाजवणारी.

जसोंडी गावातल्या केळीच्या बागेत शूटिंग होतं. पंपाच्या खोलीवरून यंत्रमानवावर मी उडी मारायची होती. वर चढलो, खाली बघितलं—आणि कंबर लचकल्याचं सांगितलं. लचकली नव्हती. पण मला सांगायचंय ते हे नाही. एवढंच असतं तर किती बरं झालं असतं!

वैशाली म्हणाली, "मी मारते." आणि मारली. शरद ओरडला, "अरे, हीच खरी हीरो! कहानी बदलनी पड़ेगी यार!"

कॅमेऱ्याचं कार्ड माझ्याकडे होतं. घरी कॉम्प्युटरवर ती उडी मी चार वेळा बघितली. काय बिघडवलं होतं तिनं माझं? काहीच नाही. पण मी ती पुसून टाकली. पुसली—माझ्या हातानं.

दुसऱ्या दिवशी म्हणालो, कार्ड करप्ट झालं.

"परत मारते ना मी, त्यात काय," वैशाली हसली. ती शिडी चढत होती तेव्हा बोलता आलं असतं. बोललो नाही. तिचा पाय घसरला, टाचेचं हाड मोडलं. खो-खो संपला, सिनेमाही. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून तीच माझी समजूत घालायची—"तुझा काय दोष? मशीनचा काय भरवसा?"

आज ती मुलींच्या शाळेत खेळाची बाई आहे, जराशी लंगडत चालते. मागच्या महिन्यात शरदचा फोन आला—तो सिनेमा पुन्हा करू, या वेळी वैशालीच्या शाळेतल्या मुलींना घेऊन. कॅमेरा तू धर.

आधी तिच्या मैदानावर गेलो आणि सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "नीच आहेस तू."

मी मान खाली घातली.

"कशी होती रे ती उडी? मी कधी बघितलीच नाही."

वेणी वर उडाली होती, सांगितलं. वाटेतलं केळीचं पान उभं फाटलं. आणि तू डोळे मिटले नाहीस—शेवटपर्यंत.

तिचे डोळे भरले होते. मग तिनं जोरात शिट्टी मारली. घामानं भिजलेल्या पंधरा-वीस पोरी धावत येऊन आमच्याभोवती उभ्या राहिल्या.

"यांना पण सांग," ती म्हणाली. "उडी तर सांगच. पण आधी कार्डाचं."

मी कार्डापासून सुरुवात केली.