पाहुण्यांचा दहावा

आमचे हॉलमामा मेलेल्यांना 'अहो' म्हणत आणि जिवंत पोरांना 'अरे'. नाशिकच्या ज्या मेडिकल कॉलेजात मी शरीररचना शिकवतो, तिथल्या डिसेक्शन हॉलचे ते अटेंडंट. गाव कळवण. मृतदेहावरची चादर काढण्याआधी ते हळूच म्हणत, "पाहुणे, पोरं आलीत हो." पाहुण्यांना नमस्कार केल्याशिवाय मुलांच्या हातात चाकू पडत नसे.

मग कॉलेजात ते टेबल आलं. पलंगाएवढा स्क्रीन, त्यात अख्खा माणूस. बोटानं कातडी सोलायची, स्नायू बाजूला सारायचे. चुकलं तर बटण दाबून पुन्हा जोडायचे. पहिल्याच दिवशी मामांनी स्क्रीनवर चादर घातली.

"नागडे हायेत पाहुणे."

"मामा, हे नुसतं चित्र आहे."

"चित्र कुणाचं?"

मला खोटं बोलवेना. परदेशातल्या एका देहदात्याचे पातळ काप करून, त्यांचे फोटो जोडून ते बनवलं होतं. मामा चादरीची सुरकुती काढत म्हणाले, "मग पाहुणेच की. लय लांबून आलेत."

तेव्हापासून बटण दाबण्याआधी मुलांना स्क्रीनची माफी मागावी लागे. "परत जुळतंय म्हणून कसंबी कापायचं व्हय रे? उद्या जित्या माणसाला बटण कुठून आणशील?" हे वाक्य मी आजही पहिल्या तासाला माझं म्हणून सांगतो.

पण माझं मोठं पाप वेगळंच आहे. टेबल आल्यावर ऑफिसनं विचारलं, हॉलला आता अटेंडंट लागेल का? टेबल मीच हट्टानं मागवलेलं. मी लिहून दिलं, 'आवश्यकता नाही.' मामांना काही बोललो नाही.

वर्षभरानं सॉफ्टवेअरचं लायसन संपलं आणि पाहुणे स्क्रीनवरून गेले. मामांनी दहा दिवस मोजले आणि मला रामकुंडावर नेलं. हॉलमधल्या पाहुण्यांसाठी ते दरवर्षी गुपचूप पिंड ठेवत, हे मला तिथं कळलं.

गुरुजींनी विचारलं, "मयताचं नाव?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "व्हर्जन चार."

"गोत्र?"

"माहीत नाही."

गुरुजींनी काश्यप धरलं.

पिंडाला कावळा शिवेना. शेजारचे दोन पिंड फस्त झाले, आमच्याकडे कुणी बघेना. तास उलटला. गुरुजी घड्याळ पाहू लागले. "काहीतरी राहिलंय त्यांच्या मनात," मामा म्हणाले. "तुम्ही शिकवलं त्यांच्यावर. तुम्हीच बोला, सर."

मी हात जोडले आणि तोंडातून भलतंच निघालं, "मामांची गरज नाही, असं मीच लिहून दिलंय. चुकलो. उद्या कागद मागे घेतो."

कावळा झपकन उतरला.

मामा म्हणाले, "त्याची झेरॉक्स मीच तर काढून आणली व्हती, सर. वाचता येतं मला."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो. कागद केव्हाच पुढे गेला होता. महिनाअखेरीस चादर घडी करून माझ्या हातात देऊन मामा कळवणला गेले.

परवा लायसनचे पैसे भरले. स्क्रीन लागला आणि तेच पाहुणे पुन्हा समोर. दहावा झालेला माणूस! मी घाबरून मामांना फोन लावला.

"कावळ्याला शब्द दिला व्हता तुम्ही," ते म्हणाले. "पाळला नाय. येणारच ते."

मग तेच म्हणाले, "सर, आधी चादर घाला. नागडे असतील."