पेलाभर साधं पाणी

हडपसरच्या एका कॅफेत मी साधं पाणी मागितलं. वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "बाटलीच घ्यावी लागेल." माझं डोकंच फिरलं. "अहो, आमच्याकडे दारात आलेल्याला गूळपाणी देतात. तुम्हाला पेलाभर पाणी जड झालं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाई आत गेल्या आणि पेला भरून घेऊन आल्या. मी तो जिंकल्याच्या थाटात घटाघटा रिकामा केला.

हात धुवायला मागे गेलो, तर त्या आपली स्टीलची बाटली पिशवीत ठेवत होत्या. सोबतची बाई त्यांना रागावत होती, "नळाला टँकरचं पाणी. घरून आणलेलं त्याला दिलंस, आता दिवसभर तू काय पिणार?"

आणि पेला परत देताना मी म्हणालो होतो, "गार नव्हतं."