पुढच्या सुट्टीतली गाठ

दुपारचे अडीच. झोळीला एक झोका देते, डोळे मिटते, पुन्हा उघडून वर कडीकडे बघते. तुम्हाला सांगते, सकाळपासून ती गाठ मी अकरा वेळा तपासली आहे. झोळी माझ्या डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीची, आत सात महिन्यांची जुई. एरवी दोर सासूबाई बांधतात. आज साडी धुवायला काढली आणि नेमक्या त्या दवाखान्यात गेल्या, म्हणून मी बांधली. एकावर एक तीन गाठी. एम.एस्सी. झालेय, एवढं जमू नये?

दोर करकरतो. मग डोलकाठी करकरते. चटईखाली लाद्या नाहीत, फळ्या आहेत, ओल्या.

समोर दीपेश उभा आहे. एका डोळ्यावर काळी पट्टी, कमरेला तलवार.

"या मॅडम."

"हे काय आता?"

"चाच्यांचं जहाज. मी कप्तान."

हा माझा नवरा. सात वर्षं मालवाहू बोटीवर होता. चाच्यांच्या समुद्रातून बावीस वेळा गेला आणि एकही चाचा दिसला नाही म्हणून हळहळत राहिला. शेवटी जीव गेला तो घरी, पलंगावर, तीन दिवसांच्या तापानं. जुई तेव्हा पोटात होती.

"पट्टी काढ. दोन्ही डोळे धड आहेत तुझे."

"शोभत नाही?"

शोभते, तीच तर कटकट आहे. सांगत नाही.

"मागे आरमार लागलंय," तो म्हणतो, एस.टी. चुकल्यासारखं. मी ओट्याखालून वाकून जाते ती थेट सुकाणूपाशी निघते. कुकरची शिटी होते आणि बाजूला पाणी उसळतं.

"गॅस कुणी चालू ठेवला?"

"मी कप्तान आहे गं, स्वयंपाकी नाही."

"घरी तरी कधी होतास?"

तो हसतो, वर बघतो आणि हसायचा थांबतो. वर शीड म्हणून माझी हिरवी साडी लावली आहे. तिच्या पोटात एक छोटंसं ओझं झोपलंय.

"ही गाठ कुणी मारली?"

"मी."

"सरकतेय."

"मग बघतोस काय? बांध."

"माझ्या हातांत आता दोर राहत नाही. तुलाच बांधायला लागेल."

"मला कुठे येते? लग्न झाल्यापासून मागे लागलेय, शिकव, शिकव. तुझं आपलं एकच, पुढच्या सुट्टीत."

"वाटलं, सुट्ट्या पुष्कळ आहेत."

मी पदरानं डोळे पुसते. दोर बोटभर खाली येतो.

"नंतर रड. आधी दोराची विहीर कर. टोक म्हणजे बेडूक. आला विहिरीतून वर. आता माडाला, म्हणजे उभ्या दोराला, मागून फेरी. उलटा फिरवतेस."

"मग नीट सांग ना."

"मागून, राणी. आणि परत विहिरीत."

त्याचे हात माझ्या हातांवर आहेत. वजन नाही, नुसती ऊब. त्या तीन दिवसांतली नाही, त्याच्या आधीची.

"ओढ."

ओढते. गाठ बसते. तो पट्टी वर सारतो आणि दोन्ही डोळ्यांनी झोळीत बघतो.

"नाक माझं."

"नाक तुझं, जागरणं मात्र माझी."

"एकदा देतेस माझ्याकडे?"

मी झोळीच्या आड येते. "नाही."

"बरं," तो म्हणतो. लगेच. जरा हट्ट केला असता तर भांडता तरी आलं असतं.

"झोका देऊ?"

"हळू."

तो नुसती फुंकर मारतो. शीड भरतं.

जाग येते तेव्हा झोळी हलतेय आणि मी स्टुलावर उभी आहे, दोन्ही हात दोरावर. जुई झोपलेली. दार वाजतं. सासूबाई चपला न काढताच वर बघतात, मला खाली उतरवतात, स्वतः स्टुलावर चढतात. माझ्या तीन गाठींचा गोळा कुठेच नाही. एकच गाठ आहे, चपटी, घट्ट. त्या तिच्यावरून अंगठा फिरवतात, दोनदा.

"ही दीपूची गाठ. तुला कुणी शिकवली?"

"त्यानंच," मी म्हणते. "सुट्टी मिळाली एकदाची."