बॅगेतली एक चप्पल

शाळेतले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. खडूच्या धुळीसारखे ते पदराला लागून घरी येतात आणि झटकायचे राहून जातात. माझ्याकडे सगळ्यात जास्त साठलेत ते पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या शाळेतले. पहिलीपासून इंग्रजी नुकतंच सुरू झालं होतं, आणि दुसरीच्या वर्गाला प्रवासाचे आणि बॅग भरायचे शब्द शिकवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

* * *

शब्द डोळ्यांना दिसावेत म्हणून मी एव्हरशाईन कॉलनीतल्या आमच्या घरून नवऱ्याची जुनी बॅग नेली. टॉवेल, साबण, कंगवा, त्याच्याच चपला. टेबलावर सगळं मांडून विचारलं, "लांब जायचंय. बॅगेत आधी काय भरायचं?"

"आइस!" सगळा वर्ग एका सुरात.

"आणि कपडे?"

"ते अंगावर असतात, बाई. बर्फ नाय नेला तर म्हावरं सडंल ना."

टॉवेल-साबणाकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याचं तिकीट केलं. रॉकी नावाचं कार्टं ते उलटसुलट करून म्हणालं, "हे मागनार कोन? बोट आमचीच हाय."

मी तिकीट गुपचूप पर्समध्ये टाकलं.

* * *

इथपर्यंत हसण्यावारी होतं. मग एका दुपारी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला व्हरांड्यात गाठलं. मुलं शेजारीच नळावर पाणी पीत होती.

"तपासणीला साहेब येतायत. तुमचाच पाठ बघणार. तुम्ही तात्पुरत्या, तेव्हा पुढच्या वर्षीचं तेच ठरवणार. पाठ फसला तर जूनपासून तुम्हाला घरी पाठवतील. मी काही करू शकणार नाही."

घरी नवऱ्याची कंपनी बंद पडायला आली होती. मला त्या दिवशी डबा गेला नाही.

* * *

त्यानंतर रोज सराव. टॉवेल, सोप, कोम, स्लिपर्स. आणि रोज संध्याकाळी बॅग घरी आली की तिच्यात एकच चप्पल! दुसरी सकाळी माझ्या टेबलाखाली सापडायची. वर्गाला रागावून विचारलं, तर सगळे एकमेकांकडे बघायचे.

नवरा म्हणाला, "माझे पाय दोन आहेत, हे लग्नाआधी बघितलं होतंस ना?"

एरवी मी हसले असते. त्या आठवड्यात त्याच्यावरच खेकसले.

* * *

तपासणीचा दिवस. सकाळी मी स्वतः बॅग भरली आणि दोन्ही चपला दोनदा बघितल्या. प्रार्थनेपुरतीच वर्गाबाहेर गेले.

साहेब मागच्या बाकावर बसले, शेजारी मोठ्या बाई. मुलं एकेक वस्तू काढून घडाघडा नाव सांगत होती. साहेबांनी मानही डोलावली. मग म्हणाले, "स्लिपर्स दाखवा."

मी बॅगेत हात घातला. एकच.

साहेब उठून टेबलापाशी आले आणि त्यांनी बॅग उलटी केली. पडलं काहीच नाही. "बाई, ही तुमची तयारी?"

मी वाकून टेबलाखाली बघितलं. तिथेही नव्हती. मोठ्या बाई जमिनीकडे बघत होत्या.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावर मोनिका उभी राहिली. वर्गात कधी तोंड न उघडणारी पोर. तिचे वडील मोठ्या जहाजावर नोकरीला, घरी आले की चार दिवसांचे पाहुणे. दप्तर तिने पोटाशी घट्ट धरलं होतं.

"माझ्याकडं हाय."

"का घेतलीस?" साहेबांनी विचारलं.

"डॅडी जहाजावर निघाले का मी त्यांची एक चप्पल लपवून ठेवते. मंग ते परत येतात."

"अगं, पण इथे कोण निघालंय?"

मोनिकाने आधी माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे.

"तुमी आलात ना, बाईंना पाठवायला."

तिने दप्तर उघडलं, चप्पल काढली आणि रडत रडत साहेबांपुढे धरली.

साहेबांनी ती घेतली नाही.

"राहू दे तुझ्याकडे," ते म्हणाले, आणि मोठ्या बाईंकडे वळून माझ्या पुढच्या वर्षीच्या कागदावर सही करायला त्यांनी पेन मागितलं.