हाताला लागणारी धमनी

१९८२च्या एप्रिलमध्ये माझ्या वडिलांना क्रेनवरून उतरवण्यात आलं. अंबडच्या एका कारखान्यात ते छताखालून धावणारी क्रेन चालवत. वय अठ्ठेचाळीस. छातीत दुखलं नव्हतं, चक्कर आली नव्हती. वार्षिक तपासणीत कारखान्याच्या डॉक्टरांनी सही केली नाही, एवढंच घडलं.

आदल्या वर्षी रक्तदाब जास्त निघाला होता आणि ताकीद मिळाली होती. क्रेन गेली तर खाली काम मिळालं असतं, पण सामान काढून देणाऱ्या मदतनिसाचं. वडिलांना ते नको होतं.

आमच्या वस्तीत तपासणीच्या तयारीची एक रीत होती. आठवडाभर आधी मीठ बंद, भाकरीबरोबर कच्चा लसूण. त्या दिवशी सायकल न काढता बसने जायचं आणि नंबर येईपर्यंत बाकावर डोळे मिटून बसायचं. आमच्या शेजारचे एक जण पिंपळगावहून द्राक्षांचा टेम्पो चालवत. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या; त्यातल्या थोड्या त्यांनी वडिलांना दिल्या. दुसऱ्याचं औषध कसं चालेल, असं आईने विचारलं.

"वहिनी, मेडिकल म्हंजे गाडीचं पासिंग," ते म्हणाले. "त्या दिवसापुरती रंगवायची. मंग कोन बघतंय?"

रक्तदाब खरोखरच उतरला. पुढचं वडिलांनी घरी सांगितलं. काही वर्षांनी मी डॉक्टरांना विचारलं, तेव्हा त्यांच्या सांगण्यात फरक नव्हता. आकडा पाहून झाल्यावर डॉक्टरांनी दंडावरचा पट्टा पुन्हा फुगवला, मनगटातले ठोके थांबेपर्यंत. मग तिथेच बोट फिरवलं. आतलं रक्त थांबलं की निरोगी धमनी चपटी होते, बोटाखाली सापडत नाही. वडिलांची सापडत होती, सुतळीसारखी. धमनीचा कडकपणा मोजायचं दुसरं साधन त्या दवाखान्यात नव्हतं.

मीठ कधी सोडलं, असं त्यांनी विचारलं. वडिलांनी खरं ते सांगितलं.

"दाब आठवड्यात उतरतो. ही नळी कडक व्हायला वर्षं लागलीत."

"पण आकडा तर बरोबर आलाय, साहेब."

"आकडा आजचा आहे. तुमच्या क्रेनखाली माणसं काम करतात."

सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनीही तसंच निदान केलं. गोळ्या कायमच्या घ्यायच्या. गोळ्यांनी दाब आटोक्यात राहील, धमनी पूर्ववत होणार नाही. वडिलांनी ती किती दिवसांत मऊ होईल, असं विचारलं. डॉक्टरांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं.

वडिलांना टूलरूममध्ये, कामगारांना अवजारं काढून द्यायला पाठवलं. क्रेनवर सिन्नरहून येणारा एक तरुण बसला. सुरुवातीला वडीलच त्याला खालून हातवारे करून भार कसा थांबवायचा ते दाखवत.

घरी ते संध्याकाळी तिळाचं तेल कोमट करून मनगटाला चोळत. कडक झालेली धमनी तेवढीच आहे, असा त्यांचा समज होता. ती शरीरभर असते, हे मी त्यांना सांगितलं. "तपासतात तर इथंच ना," ते म्हणाले. चोळून झालं की हात आईपुढे धरत. आज मऊ लागतेय का? आई हो म्हणायची. मग हात माझ्याकडे यायचा. मला फरक कळत नसे.

पुढच्या तपासणीला त्यांनी ना लसूण खाल्ला, ना उसनी गोळी घेतली. स्वतःच्या गोळ्यांनी रक्तदाब ठीक होता. डॉक्टरांनी पट्टा फुगवला, मनगटावर बोट फिरवलं आणि पट्टा सोडला. त्याच्या पुढच्या वर्षी वडिलांनीच विचारलं, मनगट बघणार नाही का, साहेब? डॉक्टर म्हणाले, गरज नाही. त्यानंतर घरात तेल गरम होणं बंद झालं. सिन्नरचा तरुण क्रेनवर कायम झाला.

१९८५च्या डिसेंबरमध्ये टूलरूमच्या खिडकीशी पाना देताना वडिलांची उजवी बाजू लुळी पडली. पाय थोडा सुधारला. गेलेली वाचा परत आली नाही. पुढच्या वर्षी कारखान्याने त्यांना वैद्यकीय कारणावरून सेवेतून कमी केलं.